उजाड रान, उद्योगधंदे आणि आपले श्रमदान
(वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)





पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय मोठा भारदस्त छापला आहे. पण त्यामागचे कारण अगदी साधे आहे, ते आधी सांगून टाकतो. आपल्या संस्थेकडे एका कंपनीचे पत्र आले आहे. त्यांना पुढच्या जुलैत शहापूर-मुरबाडकडच्या उजाड वनजमिनीवर झाडे लावायची आहेत, आणि त्यासाठी आपल्या वसतिगृहाचे आणि अभ्यासिकेचे पन्नास विद्यार्थी एका रविवारपुरते हवे आहेत. बस त्यांची, जेवण त्यांचे, रोपे त्यांची. कार्यकारिणीत दोन तट पडले. एक म्हणतो, पुण्यकर्म आहे, ताबडतोब होकार कळवा. दुसरा म्हणतो, भांडवलदारांच्या फोटोसाठी आपली पोरे कशाला उभी करायची? मी त्याच भागातला, निवृत्त शिक्षक, डोंगर-रान थोडेफार पाहिलेला, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे सोपवले गेले. तेव्हा आज मी उपदेश करायला आलेलो नाही. पत्राला काय उत्तर द्यावे, एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

वर्षावासात हा विषय निघाला हे बरे झाले. वर्षावासाचा नियम कसा आला, ते विनयपिटकाच्या महावग्गात सांगितले आहे. आरंभी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोक कुरकुरू लागले की, पाखरेसुद्धा पावसात घरटे करून एका जागी राहतात, आणि हे श्रमण मात्र कोवळे गवत तुडवीत, बारीकसारीक जीव चिरडीत हिंडतात. ही कुरकुर भगवंतांच्या कानावर गेली, आणि त्यांनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. मला या कथेत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, गवत तुडवू नये ही जाणीव. आणि दुसरी, तक्रार करणारे साधे लोक होते, आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले. ही दुसरी गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

संयुत्तनिकायात एक देवता विचारते, कोणाचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते? भगवंतांच्या उत्तरात बागा लावणारे आहेत, वने लावणारे आहेत, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी करणारे, निवारा देणारे आहेत. यज्ञ करणाऱ्याचे नाव त्या उत्तरात नाही. पुढे सम्राट अशोकाने हेच राज्यकारभारात आणले. रस्त्यांच्या कडेने विहिरी खणल्याचा आणि झाडे लावल्याचा उल्लेख त्याच्या दुसऱ्या शिलालेखात आहे, सातव्या स्तंभलेखात वडाची झाडे आणि आमराया आहेत. पण आपण नेहमी लावलेल्या झाडांबद्दलच बोलतो. पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वने जाळू नयेत अशीही आज्ञा आहे, ती कोणी सांगत नाही. हा अशोक आपल्याला परका नाही. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला.

आता उद्योगधंद्यांचे. व्यापाऱ्याने झाडांसाठी पैसा खर्च करावा ही कल्पना नवी आहे, परदेशातून आली आहे, असे पुष्कळांना वाटते. मुरबाडहून वैशाखरे गाठावे आणि नाणेघाट चढावा. वर दगडी रांजण आहे, सातवाहनांचे लेख आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. त्या जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाचे दान नोंदलेले आहे. हा मूळचा परदेशी वंशाचा माणूस, कोणाचिक नावाच्या श्रेणीशी संबंधित. श्रेणी म्हणजे त्या काळचा कारागीर-व्यापाऱ्यांचा संघ. त्याने २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांच्या लागवडीसाठी आणि ९ निवर्तने वडाच्या लागवडीसाठी दिली, असा त्या लेखाचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. घाटाच्या माथ्यावर, बौद्ध लेण्यात, व्यवसाय करणाऱ्या एका उपासकाने झाडांसाठी दिलेले हे दान! मला त्यातला व्यवहार फार आवडतो. त्याने एक दिवस येऊन झाड लावले नाही. जमीन लावून दिली. झाडेही कोणती, तर करंज आणि वड, म्हणजे इथलीच. कंपनीचे पत्र वाचताना हा आडुथुम माझ्या डोक्यात होता.

शहापूर-मुरबाडचे रान उजाड कसे झाले, ते थोडक्यात सांगतो, कारण विद्यार्थ्यांना वाटते की आदिवासींनी आणि गरिबांनी लाकडे तोडली म्हणून जंगल गेले. रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. रुळांखालचे स्लीपर लाकडाचे, आणि मुंबईच्या घरोघरच्या चुली लाकडा-कोळशाच्या. कोळशाच्या भट्ट्या या रानात पिढ्यान्‌पिढ्या धुमसत होत्या. ठेकेदाराचा ट्रक भरत असे आणि कातकऱ्याच्या हाती उचल पडत असे. भातशेतीच्या राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या छाटून जाळण्याची रीत इथे जुनी आहे, त्यानेही झाडे खुरटली हे खरे. पण त्या राबावर इंग्रज वनखात्याने निर्बंध घातले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला, की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. म्हणजे रान कोणाचे, हे भांडण किमान एकशे चाळीस वर्षांचे आहे.

नंतर धरणे आली. तानसा १८९२ चे. मग वैतरणेवरचे मोडकसागर, मग भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईच्या रोजच्या पाण्यातले जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसातून जाते. आणि शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही म्हण तिकडे भाषणात वापरावी लागत नाही, ती रोज जगावी लागते. ज्यांच्या टेकड्यांवरून मुंबईचे पाणी येते त्या टेकड्या हिरव्या ठेवण्यात मुंबईच्या कारखानदाराने हात लावला, तर तो उपकार नव्हे. ते देणे आहे. संस्थेतल्या पहिल्या तटाला आणि दुसऱ्या तटालाही मी हेच सांगतो. पैसा घ्यायला लाजू नका आणि घेताना वाकूही नका.

कायद्यानेही आता हे देणे थोडे मान्य केले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला ५ कोटी रुपये किंवा अधिक आहे, किंवा उलाढाल वा मालमत्ता ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे आणि पर्यावरण त्या कामांच्या यादीत आहे. महाराष्ट्रात वनखाते, कंपनी आणि एखादी संस्था असा त्रिपक्षीय करार करून उजाड वनजमिनीवर लागवड करता येते. जमीन वनखात्याचीच राहते, कंपनीला तिच्यावर हक्क मिळत नाही. याच सुमारास राज्य सरकारनेही कंबर कसली. २०१६ च्या १ जुलैला २ कोटी झाडांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. शाळेत आम्हालाही आकडे कळवायचे असत. खड्डे किती, रोपे किती, उपस्थिती किती. तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत किती, हा रकाना भरण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

आता मी पाहिलेली एक लागवड सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, गावाचेही नाही. काही वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातल्या एका टेकडीवर मला पाहुणा म्हणून बोलावले होते. जुलैचा शनिवार. मुंबईहून चार बसगाड्या आल्या, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे बनियन. मुले-मुली चांगली होती, उगाच नावे ठेवणार नाही. चिखलात उतरली, हाताने माती लोटली, एका मुलीने तर रोपाशी दोन शब्द बोलून घेतले. दीड तासात हजारभर रोपे लागली. मग वडापाव, फोटो आणि परत.

ते गेल्यावर मी टेकडीवर फिरलो. कित्येक रोपांची प्लॅस्टिकची पिशवी तशीच मुळांना होती. रोपे होती गुलमोहोर, काशीद आणि गिरिपुष्पाची. गुलमोहोर मुळात मादागास्करचा, रस्त्याच्या कडेला शोभतो, पण रानातल्या पाखराला किंवा पाड्यावरच्या बाईला त्याचा काय उपयोग? त्याहून वाईट गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. ती शेजारच्या ठाकरवाडीतल्या एका म्हाताऱ्याने दाखवली. खड्डे ओळीत यावेत म्हणून आदल्या महिन्यात टेकडी साफ केली होती. साफ म्हणजे काय, तर पळस, कुडा, ऐन, बोंडारा यांचे कमरेएवढे वाढलेले फुटवे कोयत्याने उडवले होते. म्हातारा म्हणाला, "मास्तर, रान होतं ते काढलं, आन्‌ झाडं लावली."

फेब्रुवारीत त्या टेकडीवरून वणवा गेला. मे महिन्यात मी मुद्दाम पुन्हा गेलो. लावलेल्या रोपांतली जिवंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि पळसाच्या, ऐनाच्या ज्या बुडख्यांवर कोयता चालवला होता, त्यांना मात्र जळक्या सालीतून पुन्हा तांबूस पालवी फुटली होती. ती कोणी लावली नव्हती. तिच्यापुढे फलक नव्हता.

मित्रांनो, त्या दिवशी मला जे समजले ते शाळेत चाळीस वर्षे विज्ञान शिकवून समजले नव्हते. उजाड वन म्हणजे रिकामी जमीन नव्हे. वर काही दिसत नाही, पण खाली साग, ऐन, धावडा, खैर यांची मुळे पन्नास-पन्नास वर्षांची जिवंत असतात. झाड तोडले तरी बुडखा मरत नाही. दर पावसाळ्यात तो फुटवे काढतो, आणि दर उन्हाळ्यात वणवा, बकरी नाहीतर कोयता ते फुटवे खातो. या खाली दबलेल्या जंगलाला फक्त चार-पाच वर्षे उसंत द्या. एका बुडख्याला दहा फुटवे असतील, तर त्यातले एक-दोन सरळ जोमदार ठेवून बाकीचे काढा, म्हणजे जुन्या मुळांचे सगळे बळ त्या एका खोडाला मिळते. नव्या रोपाला पहिली तीन वर्षे नुसती मुळे खाली उतरवण्यात जातात. फुटव्याला मुळे आयती मिळालेली असतात. आमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. उरलेले आठ महिने मुरमाड टेकडीवर कोवळ्या रोपाने कसे काढायचे? म्हणून जिथे बुडखे आहेत तिथे राखण हेच पहिले काम, आणि लागवड फक्त मधल्या खरोखर मोकळ्या जागांत.

याला पुरावा पाहिजे असेल तर धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहा. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती वनसंवर्धनासाठी. त्यांच्या गावाने सुमारे ४०० हेक्टर जंगल उभे केले, त्यात कुऱ्हाडबंदी, चराईचे नियम, दंड आणि गावाने आळीपाळीने केलेली राखण हा मोठा भाग आहे. तिथे कोणी एका दिवसात विक्रम केला नाही.

आणखी एक गोष्ट, पक्षी पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड शंभराहून अधिक वर्षे कोणाला दिसले नव्हते, संपले असे मानत. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडले, आणि २०१४ मध्ये आपल्या तानसा अभयारण्यात दिसले. हा पक्षी विरळ, मोकळ्या, सागाच्या शुष्क जंगलात राहतो. म्हणजे आपल्या डोळ्यांना जे रान विरळ आणि निकामी दिसते, ते कोणाचे तरी घर असते. हल्ली जपानी पद्धतीच्या दाट लागवडीची मोठी हौस आहे. शहरातल्या कारखान्याच्या आवारात ती खुशाल करा, पण शहापूरच्या टेकडीवर चौरस मीटरला तीन-तीन रोपे कोंबण्याचे कारण मला दिसत नाही.

सरकारी नियमांनाही ही अक्कल उशिरा आली. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये हरित पतगुणांची योजना काढली. कंपनीने उजाड वनजमिनीवर लागवडीसाठी पैसे भरायचे, वनखात्याने झाडे लावायची आणि कंपनीला झाडामागे एक गुण मिळायचा. २०२४ च्या नियमात हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. म्हणजे जास्त झाडे, जास्त गुण! झुडुपांची, गवताची जमीनही यात लागवडीखाली जाईल, अशी टीका तज्ज्ञांनी केली. शेवटी २०२५ मध्ये नियम बदलून पाच वर्षांनंतर काय टिकले आणि किती सावली धरली, हे पाहायचे ठरले. जे ठाकरवाडीतल्या म्हाताऱ्याला ठाऊक होते, ते नियमात यायला दोन वर्षे लागली.

आता सर्वांत नाजूक भाग. जमीन कोणाची?

नकाशावर जे उजाड वन दिसते, तिथे पुष्कळदा कोणाची तरी नाचणी-वरी असते, गुरे चरतात, मोहफुले वेचली जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याने, जो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला, आदिवासींचे आणि इतर पारंपरिक वननिवासींचे हक्क मान्य केले. गावाने परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने तो २००९ मध्ये मिळवला. तेव्हा आपण पन्नास विद्यार्थी घेऊन एखाद्या टेकडीवर उतरलो आणि ती टेकडी एखाद्या कातकरी कुटुंबाचा दाव्यात असलेला प्लॉट निघाली, तर आपण झाडे लावली असे होईल, की त्या कुटुंबाच्या पोटावर खड्डे खणले असे होईल?

हा प्रश्न फक्त आदिवासींचा नाही, आपलाही आहे. शहापूर-मुरबाडच्या गावांत आपल्या समाजाची कितीतरी घरे भूमिहीन आहेत, आणि काहींच्या वडील-आजोबांनी वनजमिनीचा तुकडा कसलेला आहे. कायद्यात ती माणसे 'इतर पारंपरिक वननिवासी' या सदरात येतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. कुठून आणायचा हा पुरावा? गावात साहेबाचा मुक्काम पडला की जळणाच्या मोळ्या आणि घोड्याचे गवत पोहोचवणे हे महारकीचे काम होते. त्या मोळ्या कोणी, कोणत्या रानातून आणल्या, हे कोणी दप्तरात लिहून ठेवले नाही. वतनाला धक्का देण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आपल्या आयाबहिणी तुरुंगात गेल्या. त्यांची मागणी काय होती? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. आज ज्या जमिनीला आपण लागवडीसाठी 'पडीक' म्हणतो, तो शब्द उच्चारताना ही आठवण ठेवली पाहिजे. माझा एक भाऊबंद रागाने म्हणतो, "गरिबाला द्यायला जमीन नसते, कंपनीच्या झाडांना मात्र असते." त्याचे पूर्ण खरे नाही, पण पूर्ण खोटेही नाही.

आणि तिकडचे लोक जंगलाचे वैरी आहेत असे कोणी समजू नये. मुरबाडला काळू नदीवरच्या धरणात हजारो लोकांची घरे-शेते आणि मोठे जंगल जाणार होते. वनजमिनीची परवानगी नसतानाच काम सुरू झाले. तिथल्या आदिवासींनी आणि श्रमिक मुक्ती संघटनेने लढा दिला, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. एका खटल्याने जेवढी उभी झाडे वाचली, तेवढी लावायला किती बसगाड्या लागल्या असत्या, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करावा.

मग कंपनीला नकार द्यायचा काय? माझे मत आहे, नाही. पण पत्रातला जुलैचा रविवार बदलून घ्यायचा.

रानाचे वर्ष जुलैत सुरू होत नाही. ते सुरू होते डिसेंबरात, गवत वाळू लागते तेव्हा. त्या वेळी लागवडीच्या कडेने गवत कापून, जाळून रुंद पट्टा काढावा लागतो, म्हणजे वणवा आत शिरत नाही. वनखाते त्याला जाळरेषा म्हणते. फेब्रुवारी ते मे या काळात कोणीतरी रोज डोळा ठेवायचा असतो. वणवा दिसला की ओल्या फांद्या घेऊन धावायचे. हे काम मुंबईच्या स्वयंसेवकाचे नाही आणि आपल्या विद्यार्थ्यांचेही नाही. हे पाड्यावरच्या माणसाचे काम आहे आणि त्याला बारा महिने मजुरी मिळाली पाहिजे. कंपनीचा खरा पैसा इथे लागायला हवा. बसगाड्यांच्या भाड्यापेक्षा दोन राखणदारांचा पगार जास्त रान वाचवतो. भट्टीवर आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याला गावातच काम मिळाले, तर त्याच्या मुलांची शाळाही सुटत नाही. शिक्षक म्हणून मला त्या बाबीचे मोल झाडांहून कमी वाटत नाही.

खड्डे एप्रिलअखेर खणावेत, दीड फूट लांब, तेवढेच रुंद, तेवढेच खोल. त्यांना महिनाभर ऊन खाऊ द्यावे. वरची माती एकीकडे, खालचा मुरूम एकीकडे, आणि भरताना वरची माती आधी आत. रोपे आसपासच्या रानातल्या बियांचीच हवीत. मोह, हिरडा, बेहडा, आवळा, चार, शिवण, कुसुम, काकड, करंज, उंबर. यांत फळ-फूल विकणारी बाई, मध काढणारा ठाकर, वैदू आणि पाखरू, सगळ्यांची सोय आहे. ही रोपे बाजारात सहसा मिळत नाहीत, म्हणून रोपवाटिका पाड्यावरच्या महिला बचत गटाने करावी आणि कंपनीने ती रोपे रास्त भावाने घ्यावीत. निदान वर्ष-दीड वर्षाचे, कमरेपर्यंत आलेले रोप असावे. आणि पहिला चांगला पाऊस पडून जमीन भिजली की जूनअखेरीस लावावे. पाहुण्यांच्या सोयीने तारीख ठरवू नये. लावताना पिशवी फाडून काढावी, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो. उताराला चर मारले, ओढ्याला पावसाळ्यानंतर पोत्यांचे वनराई बंधारे घातले, तर पाणी महिना-दोन महिने जास्त टिकते.

आपल्या विद्यार्थ्यांचे काम काय? एक रविवार नव्हे, वर्षातून चार. आणि हातात टिकावाबरोबर वहीसुद्धा. प्रत्येक शंभर खड्ड्यांचा एक तुकडा एका गटाकडे. दर मे महिन्यात जाऊन मोजायचे, जिवंत किती, मेली किती, कशाने मेली. ही वही तीन वर्षे चालवायची आणि आकडे जसे असतील तसे याच स्मरणिकेत छापायचे. शंभरातली वीसच जगली तर वीसच छापायची. फुटवे विरळणे, काडेकचऱ्याचे आच्छादन घालणे, हे ठाकर-कातकऱ्यांच्या हाताखाली शिकायचे. तिथे ते गुरू आणि आपण शिष्य. ज्या पाड्यावर कामाला जाऊ, तिथल्या मुलांच्या अभ्यासासाठी सायंकाळचे दोन तास द्यायचे, ही माझी स्वतःची भर आहे. कंपनीचा तिच्याशी संबंध नाही.

एका तरुणाने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे. विचारतो, "सर, कारखाने प्रदूषण करतात आणि झाडे लावून पाप धुतात, त्यांना आपण का मदत करावी?" प्रश्न रास्त आहे. झाड लावले म्हणून नाल्यात सोडलेले सांडपाणी माफ होत नाही, आणि तसे कोणी म्हणू लागले तर आपण तिथून उठून यावे. पण धम्मात दानाच्या वेळी देणाऱ्याचा हेतू पाहतात, तसा घेणाऱ्याने दानाचा उपयोग काय केला हेही पाहतात. आडुथुमाच्या मनात काय होते ते आपल्याला कळायला मार्ग नाही. करंज लागले एवढे दगडावर लिहिलेले आहे.

तर उत्तराचा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे. त्यात चार अटी आहेत. जागा ग्रामसभेने ठराव करून दाखवलेली असावी आणि तिच्यावर कोणाचा वनहक्क दावा प्रलंबित नसावा. करार किमान पाच वर्षांचा असावा आणि त्यात दोन स्थानिक राखणदारांची बारमाही मजुरी धरलेली असावी. असलेले फुटवे तोडायचे नाहीत, आणि रोपे स्थानिक जातींचीच. मोजणीची वही आपली राहील आणि ती छापण्यास कंपनीची हरकत नसावी. फलक किती मोठा लावायचा, हे त्यांनी ठरवावे, त्यावर मी अट घातलेली नाही.

त्यांचा होकार येवो वा न येवो, एक काम आपल्या हातचे आहे, त्याला कोणाची परवानगी नको. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या आपल्या ज्या कुटुंबांचे वनहक्क दावे फेटाळले गेले किंवा दाखलच झाले नाहीत, त्यांची यादी करायची आहे. शाळेच्या जुन्या दाखल्यांत, जन्म-मृत्यूच्या नोंदीत, वयोवृद्धांच्या जबानीत पुरावा शोधावा लागेल. कायद्याच्या वर्गातले सहा विद्यार्थी तयार झाले आहेत, आणखी दहा हवेत. नावे आजच कार्यालयात द्यावीत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा पंचविसाला कल्याणहून निघायचे आहे. डबा आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची. कोयता कोणी आणायचा नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.